सोमारीच्या मागचं माणूस

दुर्गापूर, चंद्रपूर
१० नोव्हेंबर २०२४

रंभा,

जयभीम. तू फोन उचलत नाई. घंटी पुरी वाजते अन् मंग ती मशीनमधली बाई तेलुगूत काहीतरी सांगते. मले तेलुगू येत नाई, पण तिचं तेवढं वाक्य आता पाठ झालं आहे. म्हणून पत्र लिहून राह्यली. पोस्टात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, बाई, आजकाल पत्र कोण लिहिते? मी म्हटलं, जिची बहीण हट्टी असते ती.

हे पत्र भांडणाचं नाई, म्हणून फाडू नको. भांडणाबद्दल माहं मत होतं तेच आहे. तुहे भाऊजी गेले, त्यायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सारी वस्ती बसलेली असताना, त्यांच्या फोटोसमोर तू म्हटलं, "बाई, आता इथी तुहं आहे कोण? चाल माह्यासंग सिरोंच्याले." मले लेकरू नाई हे साऱ्यायले माहीत आहे, त्याची दवंडी द्यायची गरज नव्हती. मंग मी बी जे म्हणायचं ते म्हटलं अन् तू भरलं ताट सरकवून बस धरली. तेव्हापासून तू तिकडं तेलंगणाच्या हद्दीवर अन् मी इकडं, दोन वर्सं झाली.

यंदा बी सोळा ऑक्टोबरले आपल्या चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेली होती. पुस्तकाच्या दुकानाच्या ओळीमागं, आपण दरवर्षी डबा सोडत होतो तिथी बसली. तू आली नाई. झुणका-भाकर दोघींची नेली होती. सवय होय, दुसरं कायी नाई. उरलेली बाजूच्या बायकायले दिली, त्यायले आवडली.

आता खरी बातमी. मी मांजर पाळलं.

बुधरी तुले आठवत असंल, पोंभुर्ण्यापलीकडच्या जंगलातल्या गावची. मी तिथी नर्स होती तेव्हा तिचे सारे लेकरं माह्या हातावर झाले. तेव्हापासून नवं धान निघालं की ती तांदूळ घेऊन मले भेटायले येते. यंदा तांदळासंग टोपल्यात एक पिल्लू घेऊन आली. धान कापता कापता शेताच्या बांधीत सापडलं, आई सोडून गेली म्हणे. मातकट रंगाचं, पायावर पट्टे, कानाच्या टोकाले काळे केस. एवढंसं पोट्टं, पण माह्या बोटाले असं चावलं की मी टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन आली.

त्याले गाईचं दूध पाणी टाकून पाजून राह्यली. सुई काढलेल्या सिरिंजनं. जनमभर लेकरायले डोस पाजले, हे त्यायच्यापेक्षा वस्ताद आहे, तोंडात घेते अन् माह्याच अंगावर उडवते. दिवसभर त्याच्यामागं जाते. घरात कोणासंग तरी बोलता येते. आधी कोणी नव्हतं असं नाई. शेजारचे दादाजी पेपर वाचायले येतात, बायका बीपी मोजायले येतात.

तुह्या नवऱ्याले, पोचूभाऊले, जयभीम सांग. तुहे गुडघे कसे आहेत ते मी विचारून नाई राह्यली.

अंजना


२१ नोव्हेंबर

रंभा,

मागच्या पत्रात मी मांजर पाळलं असं लिहिलं होतं. ते मांजर नव्हतं. म्हणजे मांजरच होतं, पण आपल्यातलं नव्हतं. हसू नको, पूर्ण वाच.

गाईचं दूध त्याले पचलं नाई, हगवण लागली. मी टोपल्यात घालून जनावरायच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथी बाकावर एक पोट्टी बसली होती, तिच्या मांडीवर प्लास्टिकची बरणी, बरणीत जखमी धामण. तिच्या बाजूच्या साऱ्या बायका उठून गेल्या. मी नाई उठली, मोठ्या मुश्किलीनं जागा भेटली होती. तिनं माह्या टोपल्यात डोकावून पाह्यलं अन् हळूच विचारलं, "मावशी, याची आई कुठी आहे?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगतलं की आई सोडून गेली अन् मी वाचवलं. दुसरी कोणी असती तं मले तिथीच शिकवलं असतं. तिनं पहिले धामण डॉक्टरच्या हवाली केली, मंग पिल्लाले औषध पाजून घेतलं, मंग मले बाहेर चहाच्या टपरीवर नेलं. चहा अर्धा पिऊन झाल्यावर सांगतलं की मावशी, हे रानमांजर होय. धान उभं असते तेव्हा रानमांजरी बांधीत पिल्लं ठेवते, तिथी कोणी जात नाई म्हणून. कापणारे आले की ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं नेते. शेवटचं राहून जाते अन् तेच आपल्या लोकायच्या हाती लागते. आपल्याले वाटते सोडून गेली. ती तं परत येते, येऊन पाहते अन् पिल्लू नसते. असं पिल्लू घरात ठेवणं कायद्यात बसत नाई हे बी तिनं सांगतलं, पण ते शेवटी. आईचं पहिले सांगतलं.

माहा चहा थंड झाला. मी एवढी लेकरं आयांच्या कुशीत दिली अन् म्हातारपणी एका आईचं लेकरू उचलून आणलं. बुधरीनं आणलं, मी नाई, पण दूध तं मीच पाजलं.

पोरीचं नाव रंजीता. रंजीता मडावी, धानोऱ्याकडची. दिवसा औषधाच्या दुकानात काम करते अन् बाकी वेळ तिच्यासारख्या दहा-बारा पोरापोरींसंग जनावरं सोडवत फिरते. पगारी नाईत कोणी. कुणाच्या घरी साप निघाला, विहिरीत मांजर पडलं, पतंगाच्या मांज्यात बगळा अडकला, की हे लोकं गाडीवर बसले. तिनं दुकानातून सुट्टी काढली. वनरक्षक इसरूभाऊले सांगतलं, ते बी संग आले. बुधरीले फोन करून म्हटलं की ज्या कोपऱ्यात पिल्लू भेटलं तो कोपरा कापू नको.

बांधीत त्याच जागेवर खोकं ठेवलं, त्यात पिल्लू. आम्ही लांब कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यामागं बसलो. ऊन उतरलं. बोलायचं नाई, खोकलायचं नाई. मले दर घडीले खोकला येते हे तुले माहीत आहे. रंजीतानं माह्या हातात गुळाचा खडा दिला अन् तोंडात ठेवा म्हटलं. पहिल्या दिवशी कोणी आलं नाई. अंधार पडायच्या आधी पिल्लू उचललं, बुधरीच्या घरी ठेवलं. मी म्हटलं, आता कायले येते ती, एवढे दिवस झाले. रंजीता म्हणे, "मावशी, आशा आपण सोडतो, ती नाई सोडत."

दुसऱ्या दिवशी परत. सांज व्हायले आली अन् धानाच्या मुळाशी पहिले दोन कान दिसले. मंग ती आली. रंभा, मी जनमभर जंगलाच्या गावात नोकरी केली, वाघाचे पंजे पाह्यले, पण असं कायी पाह्यलं नाई. खोक्याभोवती फिरली, थांबली, आमच्याच दिशेनं पाह्यलं. पिल्लानं आतून आवाज दिला. तिनं उडी टाकली, मानेले धरून बाहेर काढलं, खाली ठेवलं, चाटलं, उलटं करून चाटलं, परत धरलं अन् शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून जंगलात गेली. झालं. एवढंच.

माह्या डोळ्यात धानाचा भुसा गेला होता. रंजीतानं मुद्दाम दुसरीकडं पाह्यलं. बुधरीनं नाई पाह्यलं दुसरीकडं, ती सरळ रडली अन् नंतर मलेच म्हणाली, नर्सबाई, तुम्ही काऊन रडून राह्यल्या.

अंजना


४ डिसेंबर

रंभा,

आता कामाचं लिहिते. तुह्याकडं एक काम आहे. तुले करायचं नसंल तं नको करू, पण आधी ऐक.

पिल्लू गेल्यावर घर कसं झालं ते लिहीत नाई. टोपलं तसंच कोपऱ्यात होतं. रविवारी रंजीता आली, मी बरी आहे का पाहायले. कोण येते असं? जनावरायची चौकशी करणारी पोट्टी माही चौकशी करायले आली. टोपलं तिनं पाह्यलं अन् म्हटलं, मावशी, चला, तुम्हाले कोणाले तरी भेटवते.

त्या पोरापोरींची जागा म्हणजे एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं मागचं दालन. मले वाटलं होतं वास येईल. नाई आला. फिनाईलनं पुसलेलं, पाण्याची भांडी घासलेली, कोणत्या जनावराले काय औषध ते पाटीवर लिहिलेलं. माह्या हयातीत मी एवढं साफ उपकेंद्र पाह्यलं नाई, अन् ते उपकेंद्र मीच चालवत होती. तीन पायाचा कुत्रा, पंख बांधलेली घार, अन् एका खिडकीत एक मांजर.

हे मांजर कोळशाच्या ट्रकखाली सापडलं. एक डोळा गेला, शेपटीचं टोक गेलं. आणलं तेव्हा काळंकुट्ट होतं, सारे म्हणे काळी मांजर. दोन येळा आंघोळ घातली तं पांढरी निघाली. सोमवारी सापडली म्हणून रंजीतानं नाव ठेवलं सोमारी, त्यायच्या गावात सोमवारच्या पोरीचं तेच नाव ठेवतात. वय झालेलं आहे. लोकं येतात, पिल्लं उचलून नेतात, हिच्याकडं पाहत बी नाईत. अन् तिले त्याचं कायी नाई. खिडकीत अशी बसली होती की जसं सारं दालन तिच्या नावावर आहे.

मी बाजूच्या स्टुलावर बसली. तिनं एका डोळ्यानं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. मंग उतरली, माही पर्स जमिनीवर होती, तिच्यावर जाऊन बसली अन् झोपली. मी निघायले उठली तरी उठली नाई. मले पर्स ओढून घ्यायची हिंमत झाली नाई. आपल्याच पर्ससाठी मी तिथी चार वाजेपर्यंत बसून राह्यली.

मले ते मांजर पाहिजे, रंभा. सरळ सांगते. मले दुसरं नको, पिल्लू नको, हेच पाहिजे.

पण हे लोकं असंच देत नाईत, अन् तेच मले पटलं. पहिले घर पाहायले आले. परसाले जाळी लावा म्हटलं, थर्मल वीज केंद्राकडून बिबट फिरते. लावली. आजारी पडली तं कोणत्या डॉक्टरकडं न्यायचं ते पाठ करून घेतलं. मंग रंजीतानं शेवटची अट सांगतली. साठीच्या वरचं अन् एकटं राहणारं माणूस असंल तं मांजराच्या मागचं एक माणूस लागते. म्हणजे उद्या मले दवाखान्यात न्यावं लागलं, नाई तं मी गेलीच, तं सोमारीले घरी नेणारं माणूस. अन् त्या माणसानं आपल्या तोंडानं हाव, नेतो म्हटलं पाहिजे, मी सांगून चालत नाई. आधी अशी अट नव्हती. एक म्हातारे गृहस्थ मांजर घेऊन गेले होते, ते अचानक गेले, नातेवाईकायनं घराले कुलूप लावलं अन् मांजर आत आहे हे कोणाले आठवलं नाई.

मी दादाजीचं नाव सांगतलं. रंजीताले हसू आलं. म्हणे, मावशी, ते तुमच्यापेक्षा मोठे आहेत, त्यायच्या मागं अजून एक माणूस लागंल. बुधरीचं नाव सांगतलं, तं तिच्याकडं दोन शिकारी कुत्रे आहेत. मंग तिनं विचारलं, "मावशी, तुमचं आहे कोण?"

खाली तिचा नंबर लिहिला आहे. संध्याकाळी सहानंतर कर, दिवसा दुकानात गर्दी राहते. मले फोन नाई केला तरी चालते. तिले कर.

अंजना


१९ डिसेंबर

रंभा,

पत्र पोचलं हे मले माहीत आहे. पोस्टमनकडून समजलं म्हण किंवा कसं बी म्हण. तरी तुहा फोन नाई. रंजीताले रोज विचारते, ती रोज म्हणते, येईल मावशी. दवाखान्यात आम्ही नातेवाईकायले असंच म्हणत होतो, म्हणून मले तो सूर ओळखू येते.

आता ऐक, नागपूरच्या एका कुटुंबानं सोमारीचा फोटो पाह्यला. चांगले लोकं आहेत, नवराबायको दोघं बी कमावतात, घरात माणसं आहेत. त्यायले मागचं माणूस लागत नाई. रंजीतानं त्यायले महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलं. त्यापुढं थांबवता येणार नाई, अन् ते बरोबरच आहे. एका म्हातारीच्या हौसेसाठी मांजरानं खिडकीत किती दिवस काढायचे? तिच्या मंडळातल्या एका पोरानं म्हटलं, मावशी एवढ्या चांगल्या आहेत, अट सोडून देऊ. रंजीता नाई म्हणाली. माह्या समोर नाई म्हणाली. मले राग यायले पाहिजे होता, पण मनातून मी म्हटलं, शाब्बास पोरी. मी जवान असती अन् माही पोरगी असती तं अशी असावी असं वाटलं. जी जनावरासाठी तोंडावर नाई म्हणू शकते तिच्या हातात काही बी निर्धास्त देता येते.

मी रोज तिथी जाते. पर्स मुद्दाम खाली ठेवते.

काल तिथी बसल्या बसल्या मले आपल्या पोंभुर्ण्याच्या घरची ती लंगडी मांजर आठवली. मायनं धान साठवायच्या ढोलीतल्या उंदरांसाठी ठेवली होती अन् ती उंदीर सोडून मासळी चोरत होती. एक दिवस मायनं कंटाळून तिले पोत्यात घातलं अन् काकाच्या हातानं नदीपलीकडं सोडून दिलं. तू किती असशील, शाळेत नुकतीच जाऊन राह्यली होती. तू रडली नाई. चुपचाप उठली, एकटी घाटावर गेली, डोंग्यावाल्याले काय सांगतलं कोणास ठाऊक, अन् संध्याकाळी फ्रॉकच्या ओच्यात मांजर घेऊन दारात उभी. हातभर ओरखडे. माय काडी घेऊन धावली. तू हलली नाई. तू म्हटलं, "मले बी पोत्यात घाला."

मायच्या हातातली काडी तिथीच राह्यली. मी दाराआड उभी होती. मोठी बहीण मी, पण माह्यात तेवढी हिंमत कधी नव्हती. नंतर तू घरच्यायचं न ऐकता पोचूभाऊसंग लग्न केलं, त्यायची भाषा शिकली, गोदावरीच्या पुरात घर गेलं तं परत उभं केलं. मी साऱ्या दवाखान्यात सांगत फिरत होती की माही बहीण अशी आहे. तुलेच तेवढं सांगायचं राहून गेलं. आता कागदावर लिहिलं आहे, परत विचारू नको.

अन् ते दुसरं. तू विचारलं होतं ते अन् रंजीतानं विचारलं ते एकच. तिचा मले राग आला नाई, अन् तुहा आला, काऊन ते मी किती दिवस विचार करून राह्यली. तिनं विचारलं अन् उत्तराची वाट पाह्यली. तू विचारलं अन् लगेच, चाल बॅग भर. तुले वाटलं उत्तर नाईच. उत्तर माह्याजवळ तेव्हा बी होतं. तूच होती. तुह्याच तोंडून, माहं कोणी नाई, हे मले ऐकवलं नाई, पोट्टे. मले त्याचं लागलं.

आता तुले फोन करायचा तं कर, नाई तं नागपूरचे लोकं चांगले आहेत.

अंजना


३ जानेवारी २०२५

रंभा,

महिना संपायच्या दिवशी मी गेलीच नाई तिथी. पर्स खुंटीले टांगली होती, टांगलेलीच राहू दिली. म्हटलं, निरोप द्यायले जाऊन तिथी तमाशा नको. संध्याकाळी दादाजी पेपर वाचून गेले अन् मी भात टाकला. दारात गाडी थांबली. रंजीता उतरली, मागं झाकणाचं टोपलं बांधलेलं. मी दारातच उभी राह्यली. ती काही बोलायच्या आधी टोपल्यातून आवाज आला. सोमारीचा आवाज मले साऱ्या मांजरांत ओळखू येते, ती मागत नाई, हुकूम सोडते.

मंग रंजीतानं सारं सांगतलं. जेवता जेवता सांगतलं, मी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाई.

तू दुकानात भर गर्दीत फोन केला म्हणे. सहानंतर कर म्हणून मी लिहिलं होतं, पण तू कधी कोणाचं ऐकलं. अन् तिनं तुले विचारायच्या आधी तूच तिले विचारत बसली. मांजर मासळी खाते का, काट्याची का बिनकाट्याची, गोदावरीची चालंल का, कुत्र्याले भिते का, कोंबड्यायच्या मागं लागते का, रात्री झोपते कुठी. रंजीता म्हणे, मावशी, आम्ही साऱ्यायची चौकशी करतो, आमची चौकशी पहिल्यांदाच कोणी केली. मागून पोचूभाऊ पिल्ली, पिल्ली असं ओरडून राह्यले होते. तेलुगूत मांजराले पिल्ली म्हणतात, ते बी रंजीतालेच माहीत.

मंग तिनं तुले नेहमीचं विचारलं, की अंजनाबाईले उद्या काही झालं तं तुम्ही मांजर घरी न्याल का. मंग तू जे म्हटलं ते तिनं मले जसंच्या तसं सांगतलं.

"मांजरीचं काय विचारते पोरी? तिच्या मालकिणीसाठी मी दोन वर्सापासून खोली झाडून ठेवली आहे. कधी एकीले न्यायचं, कधी दोघींले, ते तुम्ही ठरवा. मी हाव म्हटलं."

रंजीता गेल्यावर मी भांडी घासली. आधीच घासलेली होती, परत घासली. सोमारी ओट्यावर चढून एका डोळ्यानं पाहत होती. रडली मी, आता लिहायले काय हरकत आहे. तुहे भाऊजी गेले तेव्हा एवढी नव्हती रडली.

तुही अट बी तिनं सांगतली. मांजर अनोळखी घर धरत नाई, म्हणून आधी एकदा सिरोंच्याले आणून तुह्या चुलीपाशी तुह्या हातानं तिले भात चारायचा, मायची रीत होती तशी. तेव्हाच ते घर तिच्या ओळखीचं होईल, नाई तं हाव म्हटलेलं वापस. रंजीता म्हणे, मावशी, इतके दिवस आम्ही अटी घालत होतो, आता तुमच्या बहिणीनं घातली, तुम्हाले जावंच लागते. मोठा गंभीर चेहरा करून म्हणाली, पण चहाच्या कपाआड हसून राह्यली होती. तुम्ही दोघींनी फोनवर काय काय ठरवलं ते मी विचारत नाई.

तं अकरा तारखेच्या शनिवारी सकाळच्या बसनं येऊन राह्यली. आलापल्लीच्या पुढचा रस्ता अजून तसाच असंल तं सोमारी कंडक्टरले शिव्या घालंल, तिकीट मीच काढीन. पोचूभाऊले स्टँडवर पाठव, टोपलं जड आहे. कुत्र्याले बांधून ठेव. मी परत येणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. माहं घर इथी आहे, जाळी बी नवी लावली आहे, दादाजी पेपर वाचायले कुठी जातील? पण खोली झाडून ठेवलीच आहे म्हणते तं चार दिवस राहीन.

एक राह्यलं. स्टँडवर, नाई तं तुह्या गल्लीत, कोणीतरी तुले विचारंलच, ही टोपल्यावाली म्हातारी कोण, हिचं इथी आहे कोण. मी काही बोलणार नाई. तू सांग.

अंजना